औंधाचें गांवराज्य व स्विस कँटन

महाराष्ट्रांतील लहान संस्थानांचे इतिहास बहुधा वंशावळीनें सुरू होतात आणि विलीनीकरणाच्या तारखेनें संपतात. मधल्या काळांत प्रजेनें आपला कारभार आपण पाहिला असेल, तर त्या गोष्टीस वंशावळींत जागा मिळत नाहीं. औंध संस्थानाचें असेंच झालें आहे. पंतप्रतिनिधींच्या घराण्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांच्या सनदा, त्यांचीं चित्रें, त्यांचा संग्रह यांकडे अभ्यासकांची दृष्टि वळलेली आहे. परंतु १९३९ पासून १९४८ पर्यंत या संस्थानांत पंचायतींचें जें राज्य चाललें, त्याच्या कागदांकडे संग्राहकांचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या राज्याचा उगम, घडण व शेवट यांचा विचार करावयाचा आहे. तुलनेसाठीं स्वित्झर्लंड देशांतील कँटन या राज्यघटकाचा इतिहास घेतला आहे.

ही तुलना दूरची वाटण्याचा संभव आहे, म्हणून प्रथम आकारमान पाहूं. स्विस संघाचा पाया समजल्या जाणाऱ्या १२९१ च्या करारांत उरी, श्वीत्स व उंटरवाल्डेन या तीन डोंगरी प्रदेशांचीं नांवें येतात. त्यांपैकीं उरी हा कँटन सुमारें १०७७ चौरस किलोमीटर विस्ताराचा असून त्याची वस्ती चाळीस हजारांच्या आंत आहे. औंध संस्थान सुमारें ५०० चौरस मैलांचें, म्हणजे जवळजवळ १३०० चौरस किलोमीटरांचें होतें. त्यांत ७२ गांवें होतीं आणि १९४१ च्या शिरगणतींत त्याची लोकसंख्या सुमारें ८८ हजार भरली. म्हणजे क्षेत्रानें व वस्तीनें औंध हें उरीहून मोठेंच होतें. इतकें लहान राज्य टिकणार कसें, असा प्रश्न १९४८ सालीं केला जात होता. उरीच्या उदाहरणावरून निदान एवढें म्हणतां येतें कीं, लहानपण हें एकच कारण त्या प्रश्नाच्या उत्तरास पुरत नाहीं. कारण अन्यत्र शोधिलें पाहिजे.

१. घराणें आणि मुलूख

किन्हईच्या कुलकर्णी घराण्यांतील परशुराम त्रिंबक (१६६०–१७१८) हा औंधकर प्रतिनिधींचा मूळ पुरुष होय. प्रतिनिधिपद हें शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत नव्हतें. राजाराम महाराज जिंजीस गेल्यावर तें नव्यानें निर्माण झालें व प्रथम प्रल्हाद निराजीस मिळालें. परशुरामपंत हा रामचंद्रपंत अमात्याच्या हाताखालीं वाढलेला. राजारामाच्या कारकीर्दीच्या अखेरीच्या वर्षांत तो या पदावर आला. १७०७ सालीं शाहू महाराज दक्षिणेंत परतले तेव्हां तो ताराबाईच्या पक्षास राहिला. सातारा हातचा गेल्यावर तो कैदेंत पडला आणि पुढें शाहूच्याच कृपेनें पुन्हा प्रतिनिधि झाला. त्याचा मुलगा श्रीपतराव हा शाहूच्या दरबारांतील वजनदार पुरुष. बाजीरावाच्या उत्तरेकडील धोरणास त्यानें केलेला विरोध प्रसिद्धच आहे.

शाहूच्या मृत्यूनंतर पेशव्यांची सत्ता वाढली, तशी प्रतिनिधींची ओसरली. १७५० सालीं मुतालिक यमाजी शिवदेव यानें सांगोल्यास केलेला उठाव पेशव्यांनीं मोडला. पुढें परशुराम श्रीनिवास ऊर्फ थोटेपंत याच्याशीं बापू गोखल्यानें लढाई केली व पंत कैद झाले. त्यांच्या बाजूनें ताई तेलिणीनें वासोट्याचा किल्ला कित्येक महिने लढविला, ही कथा सातारा प्रांतीं सर्वतोमुखीं आहे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं १८१९ सालीं साताऱ्याच्या छत्रपतींशीं व १८२० सालीं प्रतिनिधींशीं करार केले. त्या करारानें प्रतिनिधि हे साताऱ्याचे जहागीरदार झाले. १८४८ सालीं शहाजी महाराज निवर्तले, सातारा खालसा झालें, आणि औंध, भोर, फलटण, जत, अक्कलकोट, डफळापूर या सहा जहागिरी सरळ इंग्रजांच्या नजरेखालीं आल्या.

या वृत्तांतांतून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. औंधच्या राज्याची सीमा कोणत्याही डोंगरानें वा नदीनें आंखलेली नव्हती. ती सनदांनीं आंखलेली होती. औंध व किन्हई एका बाजूस, माणदेशांतील आटपाडी दुसऱ्या बाजूस, कृष्णाकांठचें कुंडल तिसरीकडे, आणि विजापूर जिल्ह्यांतील गुणदाळ तर कानडी मुलुखांत. एका भागांतून दुसऱ्या भागांत जावयाचें तर परक्या हद्दींतून जावें लागे. उरीची घडण याच्या उलट झाली. तेथें एक खोरें, एक घाट आणि त्या घाटाच्या वाहतुकीवर जगणारे लोक, एवढ्यांतून राज्य उभें राहिलें. कँटन भूमीनें बांधला गेला. औंध कागदानें बांधलें गेलें होतें.

२. बाळासाहेब व १९३९ ची घटना

१९०९ सालीं इंग्रज सरकारनें तत्कालीन अधिपतीस पदच्युत करून भवानराव ऊर्फ बाळासाहेब (१८६८–१९५१) यांस गादीवर बसविलें. पदवीधर, चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते अशी त्यांची ख्याति आहे. संस्कृताच्या अभ्यासकांवर तर त्यांचे मोठे उपकार आहेत. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस त्यांनीं एक लाख रुपयांचें साहाय्य देऊं केलें. पंडित सातवळेकरांच्या स्वाध्याय मंडळास त्यांनीं औंधांत आश्रय दिला. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळ माळरानाची जागा देऊन त्यांनीं किर्लोस्करवाडीचा पाया घातला. यमाईच्या डोंगरावरील संग्रहालय १९३८ सालचें. राजानें चांगला असणें म्हणजे काय, याचें हें उत्तम उदाहरण होय. परंतु राजा चांगला असला म्हणजे प्रजा स्वतंत्र होते असें नाहीं, हें स्वतः बाळासाहेबांस मान्य झालें, यांतच त्यांचें वेगळेपण आहे.

१९३८ हें वर्ष संस्थानी प्रजेच्या चळवळींचें होतें. राजकोटास सत्याग्रह चालू होता. ठिकठिकाणीं प्रजा परिषदा जबाबदार राज्यपद्धति मागत होत्या आणि संस्थानिक ती नाकारीत होते. त्याच हिवाळ्यांत औंधच्या राजानें ती आपण होऊन देऊं केली. यामागें तिघांचा हात होता. राजपुत्र अप्पासाहेब पंत नुकतेच विलायतेंतून शिकून परतलेले. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे यंत्रविशारद, पुढें भारतानंद म्हणून ओळखले गेलेले. आणि तिसरे महात्मा गांधी, ज्यांच्यापुढें मसुदा सेवाग्रामास नेला गेला. नोव्हेंबर १९३८ मध्यें राजानें जाहीरनामा काढला व २१ जानेवारी १९३९ रोजीं घटनेचा कायदा अमलांत आला.

घटनेची रचना खालून वर जाणारी होती. प्रत्येक गांवानें प्रौढ मताधिकारानें पांच पंच निवडावे. गांवाच्या पंचायतींतून तालुक्याची सभा बनावी आणि तालुक्यांच्या सभांतून संस्थानचें विधिमंडळ. मंत्री त्या विधिमंडळास जबाबदार. गांवचे तंटे गांवच्या पंचायतीनें, साक्षी पुरावा तेथेंच घेऊन, तोडावे. वसुलाचा मोठा वांटा ज्या भागांतून आला त्या भागाकडेच खर्चावयास जावा. गांधींचा साक्षरतेवर विशेष कटाक्ष होता. जो मत देणार त्यास अक्षर यावें, असा त्यांचा आग्रह. त्यामुळें शाळा हें या राज्याचें एक प्रमुख खातें बनलें. राजाच्या खाजगी खर्चासही मर्यादा घातली गेली.

या काळांतील दोन गोष्टी मुद्दाम सांगण्यासारख्या आहेत. पहिली आटपाडीजवळील स्वतंत्रपुराची. जन्मठेपीच्या कैद्यांना बेड्यांशिवाय, भिंतीशिवाय, शेती करून राहूं देणारी ही वसाहत १९३९ च्या सुमारास निघाली. तिच्यावरूनच पुढें १९५७ सालीं व्ही. शांताराम यांनीं ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट काढला. दुसरी गोष्ट १९४२ नंतरची. सातारा जिल्ह्यांत नाना पाटलांचें प्रतिसरकार उभें राहिलें, तेव्हां कुंडल हें त्याचें एक मुख्य ठाणें झालें. इंग्रजी हद्दींतला भूमिगत कार्यकर्ता दोन कोस चालला कीं औंधच्या हद्दींत शिरे. जी विखुरलेली सीमा कारभारास अडचण होती, तीच येथें आसरा ठरली.

३. ही जुनी गोतसभा होती काय?

औंधच्या पंचायतींविषयीं लिहितांना त्यांस प्राचीन ग्रामसंस्थेचें पुनरुज्जीवन म्हणण्याची चाल आहे. आमच्या मतें हें विधान तपासून घेतलें पाहिजे. महजरांशीं ज्यांचा परिचय आहे अशा वाचकांस गोतसभेचें स्वरूप सांगावयास नको. पाटील, कुलकर्णी, शेटे, चौगुले, बलुते हे मजलसींत बसत. वादी प्रतिवादी राजीनामे देत. शेवटीं कागदावर पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा अशा निशाण्या उमटत. ही सभा खरीच होती व तिचा निर्णय बहुधा राजाही मोडीत नसे. परंतु तींत जो बसे तो वतनाच्या नात्यानें बसे. नांगराची निशाणी ही पाटीलकीची निशाणी. ज्यास वतन नाहीं, त्याची निशाणीही नाहीं. उपऱ्या कुळास, मजुरास, बाईमाणसास त्या कागदावर जागा क्वचित्.

१९३९ च्या घटनेनें हा पायाच बदलला. तेथें मत वतनास नसून माणसास होतें. पांच पंच हें नांव जुनें, तंटा गांवांत तोडण्याची रीत जुनी, पण पंचांस अधिकार मिळे तो जन्मानें नव्हे, निवडीनें. म्हणून औंधची पंचायत ही गोतसभेची मुलगी म्हणण्यापेक्षां तिच्या घरांत आलेली सून म्हणणें अधिक बरोबर होईल. घर तेंच, पण कूळ निराळें.

याच ठिकाणीं स्विस कँटनाशीं ताडून पाहिलें पाहिजे. तेथील जनसभेंत, जीस लांड्सगेमाइंड म्हणतात, नागरिक उघड्या मैदानांत जमून हात वर करून कायदे करीत. ग्लारुस व आपेनत्सेल इनररोडेन या दोन ठिकाणीं ही रीत आजही चालू आहे. उरीनें मात्र ती १९२८ सालींच सोडली. परंतु या सभांचा इतिहासही निर्मळ नाहीं. स्विस संघाच्या निवडणुकींत स्त्रियांना मत मिळालें तें १९७१ सालीं. आपेनत्सेल इनररोडेनच्या पुरुषांनीं तर त्यानंतरही तें नाकारलें, आणि शेवटीं १९९० सालीं संघाच्या न्यायालयास निकाल द्यावा लागला. जुनी सभा म्हणजे न्याय्य सभा असें समीकरण सह्याद्रींत खरें नाहीं व आल्प्सांतही खरें नाहीं.

४. दाय आणि दान

मग दोहोंत भेद कोणता? तो आम्ही धर्मशास्त्रांतील एका भेदानें सांगूं इच्छितों. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेंत पुत्राचें स्वत्व जन्मानें सिद्ध मानिलें आहे. बाप जिवंत असतांही वडिलार्जित धनांत पुत्राचा भाग असतोच. जीमूतवाहनाच्या दायभागांत तें बापाच्या मृत्यूनंतर उत्पन्न होतें. आणि दान हा या दोहोंहून निराळा प्रकार. तेथें दात्याच्या इच्छेशिवाय घेणाऱ्याचें कांहींच नसतें.

स्विस कँटनाचा अधिकार मिताक्षरेच्या पुत्रासारखा आहे. १८४८ च्या संघघटनेपूर्वीं कँटन होतेच. त्यांनीं मिळून संघ केला व कांहीं अधिकार त्यास दिले. उरलेले आपल्यापाशीं ठेवले. संघाची घटना १८७४ सालीं व पुन्हा १९९९ सालीं नव्यानें लिहिली गेली, तरी घटनेनें मर्यादा घातली नाहीं तेथपर्यंत कँटन सार्वभौम आहेत, हें तत्त्व सुटलें नाहीं. सगळेच कँटन जुने होते असेंही नाहीं. आरगाउ, थुरगाउ, टिचिनो, व्हो इत्यादि सहा कँटन १८०३ सालीं नेपोलियनच्या हुकुमानें संघांत आले. परंतु नंतर ते लोकांनीं आपलेसे करून घेतले आणि त्यांच्या घटना लोकांनीं आपल्या मतानें बदलल्या. ज्युरा हा प्रदेश कित्येक मतदानें होऊन बर्नपासून वेगळा झाला व १९७९ सालीं सव्विसावा कँटन बनला. म्हणजे देणगीनें आरंभ झाला तरी ती पुढें दाय होऊं शकते. त्यास काळ मात्र लागतो.

औंधास तो काळ मिळाला नाहीं. औंधची घटना हें शुद्ध दान होतें. राजानें दिलें, प्रजेनें घेतलें. आणि ज्या राजानें दिलें त्याची स्वतःची गादीही इंग्रज सरकारच्या मर्जीनें मिळालेली होती. १८२० च्या करारापासून १९०९ च्या नेमणुकीपर्यंत सारी परंपरा वरून खालीं देण्याचीच आहे. बाळासाहेबांनीं तीच परंपरा आणखी एक पायरी खालीं, गांवापर्यंत, नेली. त्यांचें औदार्य निःसंशय मोठें. परंतु दाता नाहींसा झाला, तर दान कोणाच्या आधारावर टिकावें, याचें उत्तर घटनेच्या कलमांत नव्हतें.

५. शेवट

१९४७ सालीं इंग्रजांचें सार्वभौमत्व संपलें. दक्षिणेंतील कांहीं संस्थानिकांनीं, त्यांत औंध होतें, एकत्र येऊन संयुक्त संस्थान करण्याचा घाट घातला. आमच्या इतिहासांत कँटनांच्या संघाच्या सर्वांत जवळ गेलेली गोष्ट कोणती म्हणाल, तर हीच. परंतु तो संघ राजांच्या सह्यांवर उभा होता आणि प्रजा परिषदांतील पुष्कळांस मुंबई प्रांतांत सामील होणेंच इष्ट वाटत होतें. १९४८ च्या आरंभीं गांधींच्या खुनानंतर दक्षिण महाराष्ट्रांत जी जाळपोळ झाली, तिनें वातावरण आणखी बिघडलें. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यासही ती झळ लागली. ८ मार्च १९४८ रोजीं औंध मुंबई प्रांतांत विलीन झालें. आज औंध सातारा जिल्ह्यांत, आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यांत, आणि गुणदाळ कर्नाटकांत आहे.

विलीनीकरण चुकलें असें आमचें म्हणणें नाहीं. त्यामुळेंच औंधच्या रयतेस भारताच्या घटनेचे मूलभूत हक्क मिळाले व देशाच्या राज्यकारभारांत मत मिळालें. आमचा प्रश्न निराळा आहे. ७२ गांवांच्या पंचायती नऊ वर्षें न्याय करीत होत्या व पैसा खर्चीत होत्या. त्यांचें काय करावयाचें हें त्या पंचायतींस कोणीं विचारलें? ग्लारुस कँटनांत २००६ सालीं पंचवीस ग्रामसंस्था मोडून तीन कराव्या असा ठराव झाला, व २०११ पासून तो अमलांत आला. तेथेंही जुनीं गांवें बुडालीं. पण ज्या मैदानांत त्यांचा जन्म झाला, त्याच मैदानांत, त्यांच्याच लोकांच्या वर केलेल्या हातांनीं बुडालीं. औंधाचें बुडणें एका सहीनें झालें. दोहोंत संख्येचा भेद नाहीं, अधिकाराचा आहे.

पुढें १९५८ चा ग्रामपंचायतींचा कायदा, १९६१ चा जिल्हा परिषदांचा कायदा व १९९३ पासून अमलांत आलेली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती, यांनीं गांव, तालुका व जिल्हा ही तीन पायऱ्यांची रचना महाराष्ट्रांत रूढ केली. औंधच्या पायऱ्यांशीं तिचें साम्य उघड आहे. परंतु औंधांत तालुका गांवांतून जन्मे. आज गांवाचा अधिकार राज्याच्या कायद्यांतून येतो आणि कायद्यानेंच जातो. ज्या सानपाड्यांत बसून आम्ही हें लिहीत आहों, तें खाडीकांठचें गांव १९७० नंतर नव्या मुंबईच्या आंखणींत आलें आणि १९९२ पासून महानगरपालिकेचा एक भाग झालें. रस्ते, पाणी, दिवे पुष्कळ सुधारले. गांवानें बसून निर्णय करावयाचा तो मात्र आतां गांवापाशीं नाहीं. दाय व दान यांतील भेद हा म्हणून केवळ पुस्तकी नव्हे. आमच्या दारांतला आहे.

६. संग्राहकांस विनंति

इतक्या विवेचनानंतर एक व्यावहारिक गोष्ट सांगावयाची उरते. औंधच्या प्रयोगावर इंदिरा रोथरमुंड यांचा १९८३ सालचा इंग्रजी ग्रंथ आहे व अप्पासाहेब पंतांनीं स्वतःही लिहिलें आहे. हे दोन्ही आधार मोलाचे. परंतु ते वरून पाहिलेलें चित्र देतात. पंचांनीं काय केलें, हें पंचांच्याच कागदांवरून कळावयाचें. आपल्या मंडळींची संवय अशी कीं, मोडी कागद १८१८ च्या अलीकडचा दिसला कीं तो बाजूस सारावयाचा. १९४० सालची पंचायतीची वही तर जुनी वहीही नव्हे, रद्दीच. पण एखादा महजर आज आपण ज्या आदरानें हाताळतों, तोही एके काळीं गांवच्या तंट्याचा साधा निकालच होता. त्यास मोल आलें तें कोणी तरी तो फेंकला नाहीं म्हणून.

यास्तव विनंति अशी. औंध, किन्हई, कुंडल, आटपाडी व गुणदाळ या भागांतील कोणा घरीं १९३९ ते १९४८ मधील पंचायतीचे ठराव, मतदारांच्या याद्या, तंट्यांचे निकाल, खर्चाच्या पावत्या, तालुका सभेचीं पत्रें आढळलीं, तर तीं रद्दींत जाऊं देऊं नयेत. कागद कितीही सामान्य दिसो, गांवाचें नांव, तारीख आणि कोणाच्या घरांतून मिळाला हें टिपून ठेवावें. सह्यांकडे विशेष लक्ष द्यावें. कोण सही करतो, कोण अंगठा उठवितो, आणि वर्षें लोटतां त्याच गांवांत अंगठ्याच्या जागीं सही येते काय, एवढ्या एका तपासणीनेंही गांधींच्या साक्षरतेच्या आग्रहाचें फळ मोजतां येईल. नांगराच्या निशाणीपासून मतदाराच्या सहीपर्यंतचा हा प्रवास एकाच गांवच्या दप्तरांत सलग दाखवितां आला, तर महाराष्ट्रांतील स्वराज्याच्या इतिहासास आजवर नसलेलें एक प्रकरण जोडलें जाईल. स्विस लोकांनीं आपल्या १२९१ च्या कराराचें चामड्याचें पान श्वीत्स येथें जपून ठेविलें आहे. आपणांस निदान शाळेच्या वहीचीं पानें जपतां यावीं.